पाणी कुठवर येतंय?

बडोद्याच्या समा भागातलं ते घर तसं छान होतं. तळमजला, पुढं थोडं अंगण, तुळशीला जागा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. दलाल उत्साहानं ओट्याखालचे ड्रॉवर उघडझाप करून दाखवत होता आणि मी मनातल्या मनात डबे लावायला सुरुवातही केली होती. आई (माझ्या सासूबाई, पण घरात त्यांना सगळे आईच म्हणतात) मागं राहिल्या होत्या. वळून बघते तर त्या हॉलच्या कोपऱ्यात वाकून भिंतीवरून तळहात फिरवत होत्या. गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंग जरा ताजा होता, वर जुना. त्या सावकाश उभ्या राहिल्या आणि दलालाला सरळ मराठीत विचारलं, "पाणी कुठवर येतंय?"

"पाणी तो चोवीस कलाक आवे, माजी!"

"नळाचं नव्हे हो. नदीचं."

तो आधी माझ्याकडं बघून हसला, मग माझ्या नवऱ्याकडं, आणि मग हसायचं थांबला. "2024 में थोडा आया था," म्हणाला. थोडा म्हणजे किती, हे त्यानं सांगितलं नाही. ताज्या रंगानं सांगितलं होतं.

आम्ही सांगलीचे, त्यातही गावभागातले. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कुणी कुणाला 'काय चाललंय' म्हणून विचारत नाही, 'किती झालं?' विचारतात, आणि उत्तर फुटांत येतं. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 40 झाले की नदीकाठचे लोक गाड्या विश्रामबागेत नेऊन लावतात, 45 ला तळमजल्यावरचा गॅस वर जातो. आमच्या हॉलच्या दारामागं आईंनी खिळ्यानं तीन रेघा ओढून ठेवल्यात. सगळ्यात खालची 2005 ची, माझ्या गुडघ्याच्या वर. मधली 2021 ची, मांडीच्या वर. आणि सगळ्यात वरची 2019 ची, माझ्या खांद्याला लागते. त्या वर्षी आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही तेव्हा वरच्या मजल्यावर होतो. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होताना बघितल्या आणि तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर पडलो.

हे सगळं आधीच सांगायचं कारण असं, की घर हलवायचं ठरल्यापासून जो तो मला 'बापरे, एवढं सगळं सामान कसं काय आवरणार?' असं विचारतोय. खरं सांगायचं तर आमचं अर्धं आवरून 2019 मध्येच झालं होतं. पाणी उतरल्यावर घरातलं जे बाहेर काढलं त्यातलं जवळजवळ सगळं घंटागाडीतच गेलं. प्लायचं कपाट पुस्तकासारखं पानपान सुटलं होतं. गाद्या चौघांना उचलेनात. लग्नातला सोफा, आईंच्या शाळेतल्या निरोप समारंभाचे फोटो, लेकीची पाळण्यापासूनची खेळणी, सगळं गेलं. उरली ती आजेसासूबाईंची सागवानी पेटी, स्टीलची भांडी आणि पितळ्या. त्यानंतर आम्ही जे घेतलं ते एकाच हिशेबानं घेतलं: दोन माणसांना जिन्यावरून वर नेता येईल का? म्हणून आमच्याकडं पलंगाऐवजी घडीचे लोखंडी कॉट आहेत, सोफ्याऐवजी वेताच्या हलक्या खुर्च्या आहेत, आणि कागदपत्रं एका निळ्या प्लास्टिकच्या पेटीत, झाकणाला रबर लावून. पाहुण्यांना वाटतं आम्ही काटकसरी.

तर स्थलांतराचं कारण साधं आहे. नवऱ्याची कुपवाड एमआयडीसीतली कंपनी दोन वर्षं आचके देत होती. त्याला बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे तिकडची एमआयडीसी) बरी नोकरी मिळाली आणि जानेवारीपासून तो तिथं एका खोलीत राहतोय. मित्रांनी निरोप देताना 'आता पाच-दहा वर्षं कोरडाच' म्हणून बरीच चेष्टा केली. त्याला दारूचं फारसं काही नाही, त्याला भडंगाची काळजी होती. लेकीची सहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात आम्ही तिघी जायचं असं ठरलं, आणि फेब्रुवारीत घर बघायला म्हणून चार दिवस जाऊन आलो.

ठरलं म्हणते, पण आईंचं ठरलं नव्हतं. त्या बाहत्तर वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त अडचणी मांडल्या, एकेक दिवसाआड, चहाच्या वेळी. दवाखान्याचं काय? मिरज सोडून माणूस दवाखान्याला कुठं जातो का? पेन्शनचं काय? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला दरवर्षी सांगलीला येऊ? हयातीच्या दाखल्याचा प्रश्न मी मोबाइलवर सोडवला. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहरा दाखवला की दाखला जातो, हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी जिवंत आहे हे आता फोन सांगणार." दवाखान्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो मी सोडूनही देणार नाही, त्यांची मोतीबिंदूची फाइल आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी निळ्या पेटीत सगळ्यात वर आहे.

त्यांना बडोदं पटलं ते मात्र माझ्या कुठल्याच युक्तिवादानं नाही. घर बघायच्या त्या चार दिवसांत एका दुपारी नवरा त्यांना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन गेला. सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून उभं केलेलं हे ग्रंथालय. आत मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं. आई तिथं दोन तास होत्या. बाहेर आल्या त्या एकदम वर्गावर आल्यासारख्या बोलायला लागल्या. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले, 1875 मध्ये दत्तक आले, 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. रिक्षावाला आरशातून बघत होता. "मी तीस वर्षं हे मुलांना शिकवलं," म्हणाल्या, "आणि बघितलं नव्हतं." त्या दिवसानंतर अडचणी थांबल्या. मग फक्त एक प्रश्न उरला, पाण्याचा.

बडोद्याच्या विश्वामित्री नदीबद्दल आम्हाला आधी फारसं माहीत नव्हतं. ऑगस्ट 2024 च्या बातम्यांत मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ बघितले होते, तेवढंच. मगरींचं आम्हाला काही नवल नाही, कृष्णेत औदुंबर-भिलवडीपासून हरिपुरापर्यंत त्या आहेतच. पण बडोद्यात गेल्यावर कळलं की तिथंही लोक आमच्यासारखेच फुटांत बोलतात. तिथं काळा घोड्याच्या पुलापाशी मोजतात आणि धोका 26 फुटांवर. त्या ऑगस्टमध्ये पाणी 35 च्याही वर गेलं होतं. आईंनी हे आकडे वहीत लिहून घेतले. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. दलालाला विचारायचं नाही, घरमालकालाही नाही. गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानदाराला विचारायचं, कारण त्याचं पीठ-साखर भिजलेलं असतं आणि ते तो विसरत नाही. फतेगंजला एका दुकानदारानं फळीवर बोट ठेवून दाखवलं. अकोट्याला दुसऱ्यानं नुसताच हात डोक्याच्या वर नेला. आईंना गुजराती येत नाही, त्याला मराठी येत नव्हतं, पण दोघं दहा मिनिटं बोलत होते.

शेवटी मांजलपूरला दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. मकरपुरा जवळ, आणि पाणी सोसायटीच्या फाटकापाशी येऊन थांबलं होतं असं दुकानदार, वॉचमन आणि समोरची इस्त्रीवाली अशा तिघांनी वेगवेगळं विचारल्यावर एकच सांगितलं. भाडं 14 हजार. घरमालकीणबाई फारच प्रेमळ. त्यांनी पाण्याबद्दल काही विचारलं नाही, ताटाबद्दल विचारलं: "नॉनव्हेज तो नहीं ना?" बुधवार-रविवार तांबडा-पांढरा खाणाऱ्या घराला हा प्रश्न अवघड. नवरा खोकला. मी म्हटलं, घरात करणार नाही. 'घरात' या शब्दावर मी जरा जोर दिला, तो त्यांच्या लक्षात आला असावा, कारण त्या हसल्या आणि स्टेशनच्या बाजूला चांगली हॉटेलं आहेत, असं स्वतःच म्हणाल्या.

आता ट्रक.

आधी आम्ही चारचौघांसारखं एका पॅकर्स-मूव्हर्सना बोलावलं. त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवरच सामान बघतो म्हणाला. मी फोन घेऊन घरभर फिरले. त्यानं 46 हजार सांगितले, वर जीएसटी वेगळा, आणि विमा हवा असेल तर सामानाच्या किमतीच्या तीन टक्के. सामानाची यादी किमतीसकट द्या, म्हणाला. आता घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत लावायची म्हणजे एक दिवस जातो. पण आई उठल्या आणि निळ्या पेटीतून एक चौकोनी वही घेऊन आल्या. 2019 च्या पंचनाम्याची वही! तलाठी येणार म्हणून तेव्हा त्यांनी काय काय गेलं याची खोल्याखोल्यांवार यादी केली होती. सरकारचे शहरात मिळाले ते 15 हजार, यादी मात्र सव्वादोन लाखांची. त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही नवीन यादी सुरू केली. पुढून गेलेलं, मागून जाणारं. नवीन यादीची बेरीज पंचनाम्याच्या निम्म्यावरही गेली नाही. मग एवढ्या सामानाचा विमा काढायला आणि 46 हजार मोजायला मन होईना.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मार्केट यार्डातल्या एका मित्रानं दुसरा रस्ता दाखवला. सांगलीत मोरबीहून फरशांचे ट्रक येतात. फरशी उतरवून झाली की त्यांना परतीचं भाडं हवं असतं, रिकामं जाणं कुणालाच परवडत नाही. हळद, बेदाणा, गूळ, जे मिळेल ते घेऊन ते गुजरातकडं निघतात. अर्धा ट्रक माल आणि अर्ध्यात आमचं सामान, असं 21 हजारांत ठरू शकत होतं. भरण्या-उतरवण्याची हमाली आपली. अडचण एकच. त्याच्याकडं तेव्हा जो ट्रक होता त्यात हळद चालली होती.

आई म्हणाल्या, बरंच की, वाळवी तरी लागायची नाही. मला मात्र डोळ्यांसमोर पिवळ्या झालेल्या गाद्या दिसायला लागल्या. लेक म्हणाली, "आपल्या गाद्यांना हळद लागणार, लग्न आहे त्यांचं." यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. ही हळद आमच्या गावाचं सोनं आहे, पण ते सोनं पोत्याच्या विणीतून गळतं, आणि त्या पावडरीतून साडी काय, वॉशिंग मशीनसुद्धा सुटत नाही. शेवटी मित्रानं बेदाण्याचा ट्रक शोधला. बेदाणा खोक्यांत असतो, सांडत नाही, आणि वास आलाच तर खिरीचा येईल. तारीख 24 मे.

अशा ट्रकनं जायचं तर काही गोष्टी आपल्याच अंगावर असतात आणि त्या कुणी सांगत नाही. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाला देतो त्या मालाच्या पावतीवर, 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असतं. फुटलं-भिजलं तर ट्रकवाला हात वर करणार, हे धरूनच चालायचं. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही, पण वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला सामानाची सही केलेली यादी आणि आधारची झेरॉक्स ड्रायव्हरकडं द्यायची, कारण बेदाण्याचं बिल असतं आणि तुमच्या कपाटाचं नसतं. नगांवर आकडे घालायचे आणि तेच आकडे यादीत. आम्ही 63 नगांवर आलो होतो. (आलो 'होतो'. का ते पुढं सांगते.) पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागं प्रवासात ड्रम आवळून धरायचे बोल्ट असतात, ते मशीन आणताना काढून कुठंतरी ठेवतात आणि मग कुणालाच सापडत नाहीत. आम्हाला ते दिवाळीच्या फटाक्यांच्या डब्यात सापडले. फ्रिज आदल्या दिवशी सकाळीच बंद करायचा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी ठेवू द्यायची नाही, तिथं उभं राहून बघायचं. आणि तेलाचा थेंबही ट्रकमध्ये द्यायचा नाही. यावर आईंचा आणि माझा एकमेव खरा वाद झाला, कारण त्यांच्या लोणच्याच्या तीन बरण्या आहेत. त्यातल्या दोन त्या रेल्वेनं मांडीवर घेऊन येणार आहेत. कोल्हापूर-अहमदाबाद गाडी आठवड्यातून एकदाच असते, तिचीच तिकिटं काढलीत, मिरजेहून बसायचं. एवढ्या वेळ बरणी मांडीवर! मी बोलायचं सोडून दिलं.

गॅसचं लवकर झालं. बडोद्यात मांजलपूरच्या घरात पाइपचा गॅस आहे, त्यामुळं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कनेक्शनच बंद केलं. जुन्या पावतीवर जी अनामत छापलेली असते तेवढीच परत मिळते, आज नवीन कनेक्शनला सिलिंडरचे 2200 आणि रेग्युलेटरचे 250 भरावे लागत असले तरी. आमची पावती सासऱ्यांच्या काळातली. हाती जे आलं त्यात आम्ही तिघींनी कॉफी प्यायली.

गाडीचं मात्र डोकं उठवणारं. एमएच-10 ची स्कूटर आणि जुनी कार. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी. एनओसी निघत नव्हती. का, तर कारवर एक ई-चलान थकलं होतं, कोल्हापुरात महाद्वार रोडला चुकीच्या जागी लावल्याचं, तीन वर्षांपूर्वीचं. अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हाचं. नवरा म्हणतो ते चलान चुकीचं आहे. असेल. भरलं. शिवाय कारचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली तरी बोजा उतरवलेला नव्हता, तो आधी बँकेच्या पत्रानं उतरवला. त्यात पाच आठवडे गेले. तुम्ही जर वर्षभरात कुठं जायचं असं नुसतं मनात आणत असाल, तर आज आरसी बुक काढून त्यावर बँकेचं नाव आहे का तेवढं बघा, बाकी सगळं नंतर करता येतं. तिथं गेल्यावर रस्ता कर पुन्हा भरायचा आणि इथला उरलेला परत मागायचा, ही पुढची कथा आहे. ती मी बहुतेक 2027 मध्ये लिहीन.

शाळा हा सगळ्यात मोठा गुंता होता आणि तो मला फार उशिरा दिसला. लेकीची शाळा राज्य मंडळाची, सेमी इंग्रजी. परीक्षा एप्रिलच्या शेवटी. तिकडची सीबीएसई शाळा एप्रिलच्या सुरुवातीलाच सुरू होते आणि मेमध्ये सुट्टी लागते. म्हणजे ती इथं सहावीचा शेवटचा पेपर लिहीत होती तेव्हा तिथं तिच्या सातवीच्या वर्गात गणिताचे दोन धडे होऊन गेले होते. मी त्यांच्या ऑफिसात फोन करून विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "सेमी एटले शुं?" आता सेमी म्हणजे काय हे महाराष्ट्राबाहेर सांगायचं म्हणजे कठीणच. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. "तो मीडियम क्या लिखूँ?" मी म्हटलं, इंग्रजी लिहा. आईंना ते आवडलं नाही.

शिवाय गुजरातमध्ये 2023 च्या कायद्यानं पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवणं बंधनकारक आहे, बोर्ड कुठलंही असो. बाहेरून आलेल्या मुलांना अर्ज करून सूट मागता येते. आम्ही मागितली नाही. मराठी सक्तीची असावी असं इथं म्हणायचं आणि तिथं जाऊन सूट मागायची, हे मला जमेना. लेक पहिले दोन दिवस रुसली. मग आईंनी अंकलिपी मागवली आणि दुपारी दोघी शेजारी बसायला लागल्या. शिरोरेघ काढली की निम्मी अक्षरं ओळखीची निघतात: ग, म, न, त. बाकीची जरा कोलांट्या मारलेली. आता दोघी एकमेकींना गुजरातीत चिठ्ठ्या लिहितात आणि मला वाचता येत नाहीत म्हणून खूश असतात. फ्रिजवर परवा एक चिकटवली होती. नवऱ्यानं फोटोवरून वाचून सांगितलं: 'तुझ्या आईला सांगू नकोस, बरणी तिसरीपण न्यायची.'

दाखल्याचं एक सांगते, कारण यात आमची एक खेप वाया गेली. शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्या राज्यासाठी असेल तर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. शाळेनं दिला, मी आनंदानं घरी आणला, आणि बडोद्याच्या शाळेनं फोटो बघून परत पाठवला. मे महिन्यात साहेब कधी बैठकीला, कधी रजेवर. तिसऱ्या खेपेला आई बरोबर आल्या. तिथल्या एका क्लार्कच्या त्या पाचवीच्या बाई निघाल्या. तो उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. सही मात्र साहेब आल्यावरच झाली, दीड तासानं. ओळखीनं एवढंच होतं की वाट बसून बघता येते.

आता राहिलं सांगलीचं घर. वरच्या मजल्याच्या दोन खोल्या कुलूप लावून आमच्याकडंच ठेवायच्या आणि तळमजला भाड्यानं द्यायचा असं ठरलं. वरचा माळा मात्र इतका भरलेला, की तिथल्या वस्तूंची यादी आम्ही केलीच नव्हती. तिथं पंचनाम्यातून सुटलेलं सगळं आहे: पाटा-वरवंटा, दोन पितळी घंगाळं, सासऱ्यांची सायकल, गौरीचे मुखवटे आणि उभं करायचं सगळं साहित्य, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. कुलपाआड राहील म्हणून आम्ही निवांत होतो.

गेल्या रविवारी भाडेकरू बघायला आले. तरुण जोडपं, जतकडचं, तो बँकेत, तिच्या कडेवर वर्षाचं मूल. त्यांच्या गावात पाणी टँकरनं येतं. मी त्यांना खोल्या दाखवल्या, मागची मोरी दाखवली, देवळापर्यंत चालत पाच मिनिटं हे सांगितलं. नवरा व्हिडिओ कॉलवर होता आणि भाड्याचं बोलत होता. सात हजार जवळजवळ ठरले. मग ती बाई दारात थांबली आणि जरा संकोचानं म्हणाली, "एक विचारू का? इथं पाणी कुठवर येतंय?"

नवरा फोनमध्ये घाईनं म्हणाला, "तसं काही नाही, कधीतरी..."

आईंनी तेवढ्यात दार पुढं ओढलं होतं. दारामागची भिंत दिसली. तीन रेघा, तीन वर्षं. त्यांनी वर्गात दाखवतात तसं एकेकीवर बोट ठेवून सांगितलं, आणि 45 फूट झाले की काय काय वर न्यायचं तेही सांगितलं, कुठल्या क्रमानं, आधी गॅस, मग कागद, मग धान्य. ती बाई मुलाला कडेवर सावरत वरच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळाला लागत होती.

त्यांनी घर घेतलं. भाडं सहा हजार झालं आणि करारात दोन गोष्टी लिहायच्या ठरल्या. रंग दिला तरी दारामागच्या त्या भिंतीला द्यायचा नाही, ही आईंची. आणि जुलै ते सप्टेंबर वरच्या दोन खोल्या आणि माळा त्यांच्यासाठी रिकामा हवा, ही त्यांची. तिचं म्हणणं बरोबर होतं. आमचं सामान जिथं जात होतं, तिथंच त्यांचंही जाणार.

म्हणून काल-परवा माळा उतरवला. 63 चे 81 नग झालेत आणि वहीची पानं संपली, तेव्हा शेवटचे अठरा नग पुठ्ठ्यावर लिहिलेत. सायकलचं काय करायचं ते ठरत नाहीये. पाटा-वरवंटा दुसऱ्या मजल्यावर कोण चढवणार ते ठरत नाहीये. बेदाण्यावाल्याला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी त्याला फोन करायचाय, तो चिडायच्या आत भडंगाचा दोन किलोचा पुडा हातात ठेवायचा असा विचार आहे.